बांध, सडा, वाळू, डांबर : वाटेत सायकलच्या टायरची हवा कशी बदलावी

पाऊस सरून बांधांवरचा चिखल वाळला की गोव्यातल्या रविवारच्या सायकली डांबर सोडून आत वळतात, आणि दरवर्षी तोच प्रकार घडतो. पणजीहून टणक टायरवर निघालेला कोणीतरी दिवाडी बेटाच्या बांधावर हादरे खाऊन वैतागतो आणि अंगठ्याने टायर दाबत अंदाजाने हवा सोडतो. बांध छान पार होतो. मग त्याच मऊ टायरवर तो जुन्या गोव्याच्या रस्त्याला लागतो आणि पहिल्याच खोल खड्ड्यात ट्यूब फोडून घेतो. गेल्या हंगामात अशा तीन ट्यूबांना मी रस्त्याच्या कडेला बसून ठिगळे लावली. तिन्ही सायकली चांगल्या होत्या, टायरही चांगले होते. सोडलेली हवा नेमकी किती आणि ती परत कुठे भरायची, हे मात्र तिघांनीही ठरवलेले नव्हते.

हवा सोडायला अर्धा मिनिट पुरतो, भरायला घाम गाळावा लागतो. म्हणून या कामाचा मोठा भाग घरीच उरकायचा असतो, आणि खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. पहिले चार वगळून थेट रस्त्यावरचे टप्पे वाचू नका.

## टप्पा १ : सायकलीकडून माहिती काढा

टायरच्या बाजूवर कोरलेले आकडे वाचा. ३८-६२२ असे लिहिले असेल तर टायर ३८ मिलिमीटर रुंद आहे. बऱ्याच हायब्रिड सायकलींवर तेच ७०० × ३८ असे लिहिलेले असते. माउंटन बाइकवर २.१ असेल तर ती रुंदी इंचात आहे, म्हणजे साधारण ५३-५४ मिलिमीटर. जवळच कमाल दाबही कोरलेला असतो. किमान दाबही दिला असेल तर तो टिपून घ्या.

कमाल दाब ही मर्यादा आहे. तेवढी हवा भरा, असे ते सांगणे नाही. इथेच सर्वांत जास्त गल्लत होते. 'टायरवर ८५ लिहिलंय म्हणून ८५ भरली' हे मी कितीतरी वेळा ऐकले आहे. रिम हुकलेस, म्हणजे टायर अडकवणारी आतली कड नसलेली, असेल तर आणखी एक मर्यादा लागू होते. टायरवर काहीही लिहिलेले असो, ५ बार म्हणजे ७२.५ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) वर जायचे नाही.

आता वॉल्व पाहा. आपल्याकडे तीन प्रकार दिसतात.

साध्या सायकलींचा, वालट्यूब घातलेला वॉल्व. यात पंपाच्या काट्यावर टायरमधला खरा दाब दिसत नाही, कारण काट्याला वालट्यूबच्या रबराचा विरोधही मोजावा लागतो. शिवाय नट सैल केला की हवा भसकन जाते, थोडीशी सोडणे कठीण. अशी सायकल असेल तर टप्पा ३ तुमच्यासाठीच आहे.

स्कूटरसारखा जाड श्रेडर वॉल्व. मधली पिन चावीच्या टोकाने दाबली की हवा सुटते.

बारीक, लांब प्रेस्टा वॉल्व. टोकाचा छोटा नट वर फिरवायचा आणि टोक हलकेच दाबायचे. हवा भरण्याआधीही एकदा टिचकीभर दाबून घ्या. आतली सील चिकटून बसली असेल तर ती सुटते, नाहीतर पंप मारताना दगड ढकलत असल्यासारखे वाटते.

शेवटी वजन. घरच्या काट्यावर स्वतः उभे राहा, मग पाण्याच्या बाटल्या, बॅग आणि सायकल उचलून पुन्हा उभे राहा. आपल्याला ही दुसरी बेरीज हवी आहे.

तपासणी : रुंदी, कमाल दाब, वॉल्वचा प्रकार आणि एकूण वजन या चार गोष्टी कागदावर आल्या का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : डांबराचा आकडा ठरवा

बाकी सगळे आकडे डांबराच्या आकड्यातून निघतात. ट्यूब असलेल्या टायरसाठी, एकूण वजन ८५ किलोच्या आसपास धरून, मी हे आकडे सुरुवातीला सुचवतो (पीएसआयमध्ये, आधी मागचे चाक, मग पुढचे) :

२८ मिमी : ७५ आणि ६८
३२ मिमी : ६० आणि ५४
३८ मिमी : ४८ आणि ४२
२.१ इंच : ३२ आणि २८

वजन दर ५ किलोने वाढले की आकडा साधारण ६ टक्क्यांनी वाढवा, कमी झाले तर तेवढाच उतरवा. पुढचा टायर नेहमी मागच्यापेक्षा थोडा मऊ हवा, कारण बसलेल्या माणसाचा बहुतेक भार मागच्या चाकावर पडतो. पुढे-मागे सारखीच हवा भरली की पुढचे चाक खडीवर उड्या मारते आणि वळणावर पकड सोडते. कॅरियरवर सामान बांधले तर वाढ फक्त मागच्या चाकात करा. पहाटे पाव घेऊन फिरणाऱ्या पोदेराचे ओझे मागेच असते. त्याच्या सायकलीकडे एकदा नीट पाहिले की हा हिशेब लक्षात राहतो.

हे आकडे सुरुवातीचे आहेत. आठवडाभर चालवून २-३ पीएसआय वर-खाली करा, मग पक्के करा.

इशारा : पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने सायकलीत हवा भरू नका. ते यंत्र मोटारीच्या मोठ्या टायरसाठी असते. सायकलीच्या टायरची जागा इतकी लहान की डोळ्याची पापणी लवेपर्यंत मर्यादा ओलांडली जाते.

## टप्पा ३ : मोजपट्टीने पडताळा

टायर दाबून अंगठा सांगतो ते खरे नसते. जाड रबराचा टायर ३० वरही टणक लागतो, पातळ टायर ५० वरही मऊ वाटतो. त्यापेक्षा टायर भाराखाली किती बसतो ते मोजा. डांबरासाठी तो आपल्या उंचीच्या साधारण १५ टक्के बसायला हवा.

सायकल भिंतीला समांतर लावा. मागच्या रिमच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर शाळेच्या पट्टीने मोजा. मग सीटवर बसा, कोपर भिंतीला जेमतेम टेकवून दोन्ही हात हँडलवर ठेवा, आणि घरातल्या कोणाला तरी तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. ३८ मिमीच्या टायरला दोन्ही मापांत ६ मिलिमीटरच्या आसपास फरक यावा. ३ च आला तर हवा जास्त आहे. १० आला तर रिम जमिनीच्या फार जवळ गेली आहे. पुढचे चाकही असेच मोजा.

वालट्यूबवाल्यांनी हाच फरक आपला आकडा समजावा. २८ × १½ च्या साध्या टायरला डांबरावर ६ मिलिमीटर, कच्च्या वाटेवर ८. पीएसआय कळलेच नाही तरी काही अडत नाही.

## टप्पा ४ : सेकंद आणि पंप मोजा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्या लेखात हाच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण वाटेत तुमच्यापाशी उभा पंप नसतो आणि छोट्या पंपाला बहुधा काटाही नसतो. तिथे मोजायला फक्त दोन गोष्टी असतात : हवा किती सेकंद सोडली, आणि पंप किती मारले.

एखाद्या संध्याकाळी अंगणात बसा. मागच्या चाकात डांबराचा आकडा भरा, समजा ४८. वॉल्व 'एक हजार एक' म्हणेपर्यंत दाबा, सोडा, दाब पाहा. असे तीन-चारदा करा. दर सेकंदाला किती पीएसआय जातात ते कळेल. दाब उतरत गेला की तेवढ्याच सेकंदात थोडी कमी हवा जाते, तेही दिसेल.

मग उलटे करा. टायर ४० वर आणा, सोबत नेणार तो छोटा पंप लावा आणि मोजत मोजत ४८ पर्यंत परत या. माझ्या ३८ मिमीच्या मागच्या चाकाला यासाठी साधारण ३० पंप लागतात. तुमचा पंप वेगळा, टायर वेगळा, तेव्हा माझा ३० उसना घेऊ नका. पुढच्या चाकासाठी वेगळे मोजा. दोन्ही आकडे चिकटपट्टीवर लिहून पंपावरच चिकटवा.

मोजताना काही गोष्टी सांभाळा :

काटा लावताना आणि काढताना थोडी हवा जातेच. दर दोन मिनिटांनी मोजत बसलात तर मोजण्यातच टायर उतरेल.

पंपाचे तोंड काढताना येणारा 'फुस्' बहुतेक पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो. तो ऐकून वरून आणखी पाच पंप मारू नका.

कायम एकच गेज वापरा. दोन गेज क्वचितच सारखे दाखवतात. १६० पर्यंत आकडे असलेल्या उभ्या पंपाच्या काट्यावर २५ आणि २८ यांतला फरक धड दिसत नाही. रुंद टायर असेल तर कमी पट्ट्याचा वेगळा गेज घेण्यात पैसे वाया जात नाहीत.

स्क्रूने बसणारा पंप काढताना प्रेस्टाची आतली कोअरही सोबत निघून येऊ शकते. घरीच ती चिमट्याने हलकी घट्ट करून ठेवा.

तपासणी : गेज न लावता, फक्त सेकंद मोजून टायर ४८ वरून ४० वर उतरवा. मग गेज लावा. ३८ ते ४२ च्या दरम्यान आलात तर तुम्ही तयार आहात.

## टप्पा ५ : थांबे आधी ठरवा

वाटेवर पृष्ठभाग कुठे बदलतो आणि तिथे उभे राहायला जागा आहे का, हे निघण्याआधी पाहा. गोव्यात यासाठी फेरीच्या धक्क्यासारखी सोय नाही. पणजी, रायबंदर, जुने गोवे, तिथून फेरीने दिवाडी आणि पलीकडच्या धक्क्यावरून नार्वे, असा फेरा धरा. रायबंदरचा कॉजवे आणि पुढचा रस्ता डांबराच्या आकड्यावर करा. फेरीत सायकल लावली की हवा सोडायला तेवढा वेळ पुरेसा आहे. परततांना मात्र फेरीत चढण्याआधी, धक्क्यावर वाट पाहतानाच भरून घ्या. पंप मारणे फेरीच्या वेळेत उरकत नाही आणि अर्धवट भरलेल्या चाकावर उतरावे लागते.

इशारा : धक्क्याचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो. हवा कितीही नेमकी असली तरी तिथे सायकल हाताने न्या.

पिशवीत छोटा पंप, एक जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, ठिगळाचे सामान आणि आकड्यांची चिठ्ठी असू द्या. सकाळी निघताना दाब पाहाच. साधी ट्यूब आठवड्यात काही पीएसआय सहज गमावते, आणि टायर अरुंद असेल तर जास्तच.

## टप्पा ६ : पृष्ठभाग पाहून उतरवा

क्रम असा ठेवा : आधी मागचे चाक, मग पुढचे. सेकंद मोजून सोडा, वॉल्व बंद करा, टोपी लावा. शंभर मीटर चालवा आणि मगच आणखी सोडायची का ते ठरवा.

गावातले उखडलेले डांबर आणि पेव्हर. ५ ते ८ टक्के कमी. यासाठी वाटेत थांबू नका. दिवसभर असाच रस्ता असेल तर घरूनच तसे निघा.

ओला रस्ता. सुमारे १० टक्के कमी, दोन्ही चाकांत. पावसात रबर सहज कापले जाते, म्हणून घरी आल्यावर टायरमध्ये रुतलेल्या काचा आणि खडे काढून टाका.

खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचे, बांध. १५ ते २० टक्के कमी. ४८ चे ४०, ४२ चे ३५. बांध वरून गवताळ आणि मऊ दिसतो, पण आत चिरे असतात, खेकड्यांची बिळे असतात आणि मानशीजवळ, म्हणजे पाणी अडवण्या-सोडण्याच्या दाराजवळ, दगडी कडा येते. त्या कडेवर उतरून चाला. मऊ टायरने धारदार कडेवर आपटलात तर ट्यूब रिम आणि दगडात चिमटली जाते आणि सापाच्या चाव्यासारखी दोन भोके शेजारी शेजारी पडतात. बांध ओला, काळा चिखल वर आलेला असेल तर सायकल घालूच नका. टायर रुततो तो वेगळा, पण चाकाच्या चरांनी बांध कमकुवत होतो आणि मागे शेती असते.

जांभ्याचा सडा (खडकाळ पठार) आणि लाल मातीची वाट. इथे दोन वेगळे पृष्ठभाग एकत्र येतात आणि त्यांच्या मागण्या उलट आहेत. कडक लाल जमिनीवर बारीक गोल खडे पसरलेले असतात. त्यांवर टणक टायर छर्ऱ्यांवर चालल्यासारखा सरकतो, म्हणून हवा कमी हवी. पुढे वेर्ण्याच्या पठारासारख्या जागी उघडा, छिद्राछिद्रांचा कातळ लागतो. त्याच्या कडा टायरची बाजू कापतात, आणि टायर जितका मऊ तितकी बाजू बाहेर फुगते. माझा नियम : २० टक्क्यांपेक्षा जास्त हवा सोडायची नाही, आणि कातळावर वेग निम्मा करायचा. २८ मिमीचे टायर असतील तर ६५ च्या खाली उतरण्याचा मोह टाळा आणि वाट बदला. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावर कोणताच दाब उपयोगी पडत नाही. उतरून चाला.

इथे धुळीतला स्वतःचा ठसा वाचायला शिका. ठसा मधल्या पट्टीपुरताच उमटला तर हवा अजून जास्त आहे. मधली पट्टी आणि तिच्या शेजारचे खडबडीत दाणे उमटले तर बरोबर. पार बाजूच्या कडेपर्यंत उमटला तर फार उतरवली.

समुद्राची वाळू. टायर दोन इंचांपेक्षा अरुंद असेल तर हा परिच्छेद सोडा. वेळसाव ते मोबोर हा दक्षिण गोव्याचा लांब किनारा ओहोटीला कडक होतो. ओहोटीच्या वेळेआधी तासभर ते नंतर तासभर, पाण्याजवळच्या ओल्या पट्टीवरूनच चालवा. ही वेळ रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणून गेल्या रविवारची वेळ चालणार नाही. हवा ३५ ते ४० टक्के कमी करा, म्हणजे २.१ इंचाच्या टायरला मागे २०. ट्यूब असेल तर त्याखाली जाऊ नका. चार इंची फॅटबाइक ५ ते ८ वर चालते, ते तंत्र वेगळे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे कासवे अंडी घालतात. हिवाळ्यात त्या किनाऱ्यांवर सायकल नेऊ नका.

सायकल उन्हात लावून पोहायला गेलात तर परत आल्यावर दाब वाढलेला दिसेल. ४८ पीएसआयला तापमान १० अंशांनी वाढले की साधारण २ ची वाढ होते. ते पाहून लगेच हवा सोडू नका. चाक फिरून थंड झाले की टायर पुन्हा मऊ पडतो.

तपासणी : वॉल्व सरळ उभा आहे का? रिमवर तिरका झुकला असेल तर ब्रेक लावताना टायर रिमवरून सरकतो आहे. हवा फार कमी आहे. वॉल्वच्या तळचा नट रिमला घट्ट आवळू नका, दोन मिलिमीटर सैल ठेवा, म्हणजे हे झुकणे वेळेत दिसते.

## टप्पा ७ : डांबर दिसण्याआधी परत भरा

'पुढच्या चहाच्या टपरीवर भरू' हे वाक्य मी तिन्ही फुटलेल्या ट्यूबांच्या मालकांकडून ऐकले. टपरीपर्यंत गतिरोधक लागतात, खड्डे लागतात आणि डांबरावर वेग आपोआप वाढतो. बांधावर ताशी १० किलोमीटरने निभावलेला टायर २५ ने तसा निभावत नाही.

भरताना क्रम उलटा करा : आधी पुढचे चाक, मग मागचे. थकून अर्ध्यावर थांबायची पाळी आली तर निदान वळवणारे आणि ब्रेकचा भार घेणारे चाक बरोबर भरलेले असेल. चिठ्ठीवरचे पंप मोजून मारा. गप्पा मारत मारू नका, आकडा चुकतो. वॉल्वला लागलेली वाळू आधी फुंकून किंवा पाण्याने काढा, नाहीतर ती आत जाऊन वॉल्व गळू लागतो.

भरून झाले की दोनशे मीटर चालवा आणि सावकाश एक वळण घ्या. सायकल बाजूला लोळल्यासारखी वाटली तर पुढच्या चाकात आणखी पाच-सहा पंप मारा.

## टप्पा ८ : घाट असेल तर

चोर्ला घाट करून केरीकडे उतरताना हवा डांबराच्या आकड्यावर असलीच पाहिजे, आणि त्याच्या फार वरही नको. उतारावर अंगाचा भार पुढे येतो, म्हणून सडा फिरून आलेला मऊ पुढचा टायर सर्वांत आधी दगा देतो. मी उतरण्याआधी पुढच्या चाकात २ पीएसआय वाढवतो. रिमला घासणारे ब्रेक असतील तर सलग दाबून रिम तापते आणि आतला दाब वाढतो. काठोकाठ भरलेला टायर अशा वेळी फुटू शकतो. ब्रेक दोन्ही हातांनी आलटून पालटून, थोडा वेळ दाबून सोडत वापरा. मध्ये एकदा थांबा आणि चाके निवू द्या. रिमला लगेच हात लावू नका.

## टप्पा ९ : घरी आल्यावर

समुद्राजवळ गेला असाल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने सायकल धुवा, वॉल्व आणि स्पोकची टोके विसरू नका. मग टायर डांबराच्या आकड्यावर भरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेज लावा. एक चाक दुसऱ्यापेक्षा ५ पीएसआयने जास्त उतरले असेल तर त्याची हवा सोडा, ट्यूब काढा, बादलीत बुडवा आणि रिमच्या बाजूने जवळजवळची दोन बारीक भोके शोधा. एकच सापडले तर दुसरे तिथेच बोटभर अंतरावर असू शकते. ते न शोधता ठिगळ लावू नका.